उंबराखालची आणि आई

‘उंबराखालची’ या भुताच्या सिनेमाचा आठवा भाग येतोय, ही बातमी मला माझ्या नातीने दिली. मी चिखलोलीच्या आमच्या घरात बाल्कनीत बसून वाल सोलत होते. ओवी फोन घेऊन धावत आली आणि म्हणाली, “आजी, ही बघ, पणजी!” फोनमध्ये एक पांढऱ्या साडीतली बाई पाठमोरी उभी होती, केस मोकळे, समोर उंबराचं झाड, आणि खाली ‘लवकरच’ असं लिहिलेलं. ओवीची पणजी म्हणजे माझी आई. आणि पाठमोरी बाई म्हणजे ती हडळ, जिच्या नावाने गेली कित्येक वर्षं आया मुलांना निजवतात आणि मोठी माणसं विहिरीकडे जायचं टाळतात. या दोघींचा संबंध काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरच्यांपैकी ज्यांना ठाऊक होतं, त्यातले बरेचसे आता राहिले नाहीत. तेव्हा मीच लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा उल्हासनगरात राहायचो, कॅम्प नंबर चारमध्ये, बराकीतल्या दोन खोल्यांत. पुढच्या खोलीत बाबांचं दुकान होतं. नाटकं, शाळांची गॅदरिंग, गणपतीतले देखावे यांना बाबा कपडेपट भाड्याने द्यायचे. घरात डांबराच्या गोळ्यांचा आणि खळीचा वास कायम भरलेला असे. आजही कुणी कपाट उघडलं आणि तो वास आला की मला भूक लागते, कारण त्या वासातच आम्ही जेवलो. माळ्यावर रावणाची नऊ तोंडं एकावर एक रचलेली असत. दहावं तोंड नट स्वतःचं आणतो, असं बाबा गंभीरपणे सांगत आणि मी बरीच मोठी होईपर्यंत मला त्यातला विनोद कळला नव्हता. दिवसभर बाबांचं शिवणयंत्र चाले, आणि त्याच्या तालावर भिंतीपलीकडे कमला आंटींचं पापड लाटणं. कमला आंटी सिंधी. लहानपणी आईबापांचं बोट धरून कराचीहून आलेल्या. रविवारी त्यांच्याकडून दाल-पकवान येई आणि आमच्याकडून तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जाई. भांडं कधी रिकामं परत करायचं नाही, हा दोन्ही घरांचा नियम. त्यामुळे कुणाचं पातेलं कुठलं, हे शेवटी कुणालाच सांगता येईना.

आईचा डावा पाय अधू होता. तिचं माहेर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूला, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात. लहानपणी ती पेंढ्याच्या उडवीवरून पडली, हाडवैद्याने पाय बांधला आणि तो वाकडाच जुळला. उजवा पाय टाकला की ती क्षणभर थांबल्यासारखी वाटे, मग डावा खांदा खाली जाई आणि डावा पाय अर्धं वर्तुळ काढत मागून येई. ती चालायची मात्र भरपूर. पाण्याला, बाजाराला, दळणाला, सगळीकडे तीच. मला, सांगायला आज लाज वाटते, पण तेव्हा तिच्याबरोबर बाजारात जायला नको वाटे. मी सतरा वर्षांची होते, नुकती कॉलेजात जायला लागले होते, आणि लोक वळून बघतात ते मला दिसायचं. तिला दिसत नसावं, असं मी स्वतःची समजूत घालत असे.

‘उंबराखालची’च्या पहिल्या दोन भागांचा कपडेपट बाबांनीच केला होता. सिनेमा काढणाऱ्यांना सगळे तात्या म्हणत. ते आमच्याकडे आले की आधी चहा पीत, मग बिस्किटं बुडवून खात आणि शेवटी कामाचं बोलत. पहिला भाग तंबूतून गावोगावी चांगला चालला. दुसऱ्या भागात मात्र गडबड झाली. हडळीचं काम एक लेझीम मास्तर करायचे. उंचपुरे होते म्हणून त्यांना घेतलेलं. पहिल्या भागात ते नुसते झाडाखाली उभे होते. दुसऱ्यात त्यांना चालवलं, आणि मास्तर असे ताठ, पावलं मोजत चालले, की लोक घाबरायचं सोडून हसले. तिसऱ्या भागाची तयारी करायला तात्या आले तेव्हा त्यांनी बिस्किटाला हात लावला नाही.

“हा शेवटचा,” ते बाबांना म्हणाले. “याला लोक हसले, तर मी गावी जाऊन कलमं लावीन.”

त्यांना एक मोठं उंबराचं झाड हवं होतं, आसपास विजेची तार नको, घर नको. आई आतून चहाचे कप न्यायला आली होती. ती म्हणाली, “माझ्या माहेरी आहे तसं. दोन माणसांच्या कवेत मावत नाही.” अशा तऱ्हेने चित्रीकरण आईच्या माहेरी ठरलं.

मग आमच्या घरात हडळीची साडी तयार होऊ लागली. नवं पांढरं पातळ पडद्यावर फार स्वच्छ दिसतं, म्हणून ते चहाच्या पाण्यात उकळायचं, मग कोळशाची पूड लावून उन्हात टाकायचं. आईने मागच्या अंगणात चूल मांडून पाण्याचा मोठा हंडा चढवला आणि त्यात आठवड्याभराचा चहाचा चोथा घातला. वास सगळ्या बराकीत पसरला. कमला आंटी पदर सावरत आल्या आणि हंड्यात डोकावून म्हणाल्या, “भाभी, पूरे कॅम्प को चाय पिलानी है क्या?” आईने काठीने आतून साडी वर काढून दाखवली. आंटींनी कानाला हात लावले. “असली भूत तो मैंने बचपन में देखे हैं,” त्या म्हणाल्या. “उनके कपडे ज्यादा साफ थे.” आणि आईबरोबर साडी पिळायला बसल्या.

मला कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही गेले. बाबा, आई, मी, कपड्यांच्या तीन पेट्या आणि तात्यांची दहा-बारा माणसं. मामांच्या अंगणात पंगत बसे. सुकटीची चटणी, करटुल्यांची भाजी, नाचणीची आणि तांदळाची भाकरी. गावच्या बायका आईला बघून, “कवा आलीस गो?” करत येत आणि तिथेच बसून राहत. मामांना एकच गोष्ट पटत नव्हती.

“तात्यासाहेब, उंबराखाली दत्ताचा वास,” ते दोनदा म्हणाले. “हडळ असते ती चिंचेवर.”

“खरं आहे, मामा,” तात्या म्हणाले, “पण पहिल्या भागाच्या वेळी चिंच मिळाली नाही. आता नाव पडलं ते पडलं.”

रात्रीचे प्रसंग भर दुपारी घेतात, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. कॅमेऱ्यापुढे निळी काच लावली की ऊन चांदणं होतं म्हणे. त्या उन्हात बिचारे लेझीम मास्तर साडी नेसून, लांब केसांचा टोप घालून उंबराकडून शेताच्या बांधापर्यंत चालत होते. चारदा चालले, सहादा चालले. तात्या ओरडत, “मास्तर, सैल सोडा अंग!” मास्तर अंग सैल सोडत आणि त्यांची पावलं आणखी तालात पडत. मामांच्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तेव्हा तात्या खाली बसले. त्यातच साडीचा काठ बोरीच्या काट्याला अडकून टर्रकन फाटला. मास्तर साडी सोडून सावलीत गेले. आईने सुईदोरा काढला, उभ्याउभ्या काठ शिवला आणि पदर गवतावरून नीट ओढला जातो की नाही हे बघायला ती साडी आपल्याच लुगड्यावरून अंगाभोवती घेतली. पदर डोक्यावर ओढला. आणि उंबराकडे चालत गेली, तशीच परत आली.

मी बांधावर बसले होते. ती माझी आई आहे, तिला आता तहान लागली असणार, हे सगळं मला ठाऊक होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला. ती थांबे, आणि वाटे, आता येणार नाही. मग खांदा खाली जाई आणि ती आणखी जवळ आलेली असे. शेजारणींचं हसणं बंद झालं होतं. कॅमेरावाल्याने डोळा न काढता एक हात वर केला, कुणी बोलू नका म्हणून.

तात्या पुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. “वहिनी, आणखी एकदा जाऊन याल?”

आईला वाटलं, शिवण दिसते आहे. ती पुन्हा जाऊन आली. मग तात्यांनी खरं सांगितलं.

“नाही,” बाबा म्हणाले. त्यांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी पेटीवर ठेवली. “तात्या, तुम्ही माणूस चांगले. पण हे नाही. माझ्या बायकोच्या पायाला लोकांनी हसायचं?”

“हसणार नाहीत हो. घाबरतील.”

“ते त्याहून वाईट.”

मला मनातून बाबांचं पटलं होतं. हे सगळं इथेच संपावं, साडी पुन्हा मास्तरांनी नेसावी, असं मला वाटत होतं. आई डोक्यावरचा पदर मागे सारून बांधावर टेकली.

“अहो,” ती म्हणाली, “पाय कुणाचा?”

“म्हणजे?”

“माझा ना? मग मला विचारा. मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आईने मला चार माणसांत चालवून बघितलं. एकदा नाही, दोनदा. तुम्ही तेव्हा खाली मान घालून पोहे खात होतात. त्या दिवशी चालले ती लग्न जमावं म्हणून. आज कुणी हात जोडून विचारतंय. चालीन की.”

 आपल्या नवऱ्याला ती असं चारचौघांत बोललेली मी आधी कधी ऐकली नव्हती, नंतरही नाही. तीन दिवस ती दुपारी चालली. गावच्या बायका तिला गुळाचं पाणी आणून द्यायच्या, आणि मामांनी दत्ताला नारळ फोडून परवानगी मागून घेतली. बाबा तिच्याशी अबोल्यातच होते, पण प्रत्येक खेपेला तिच्या निऱ्या ते स्वतः लावून देत, टाचण्या तोंडात धरून, खाली बसून. परत येताना बदलापूर स्टेशनवर त्यांनी तिला आणि मला एवढंच बजावलं, की ही गोष्ट कॅम्पात कुणाला कळता कामा नये.

तिसरा भाग आला आणि असा चालला, की तात्यांची कलमं राहून गेली. लोक ओरडत होते, बाया डोळे मिटून घेत होत्या. आणि पंधरा दिवसांत आमच्या गल्लीतली सगळी मुलं लंगडत चालायला लागली. थांबायचं, खांदा पाडायचा, पाय ओढायचा आणि समोरच्याच्या अंगावर जायचं. उजाडल्यापासून हाच खेळ. आई दळणाचा डबा घेऊन त्यांच्यामधून जायची, आणि त्यातल्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडत नव्हता, याचं मला नवल वाटे. बाबा दुकानाचा पडदा ओढून घ्यायचे.

एका सुट्टीच्या दिवशी माझ्या कॉलेजातल्या तीन मैत्रिणी घरी आल्या होत्या. आई पाण्याला गेली होती. कमला आंटींनी बाहेर खाटेवर पापड वाळत टाकले होते, त्यांच्याभोवती आम्ही बसलो होतो. गप्पा अर्थात उंबराखालचीच्या. एक मैत्रीण उठून चालून दाखवायला लागली, दुसरीने तिला चिडवलं, आणि मी म्हणाले, “तसं नाही काही.” मग सगळ्या माझ्यामागे लागल्या. मी उठले. का उठले, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला बऱ्याचदा विचारलंय. वाहवा हवी होती, दुसरं काय. मी कमला आंटींच्या दारापासून नळापर्यंत चालले, आणि माझ्याइतकं कुणाला जमणार होतं? मी ती चाल जन्मापासून बघत आले होते. टाळ्या पडल्या. मी वळले, तर आई नळापाशीच उभी होती, कमरेवर कळशी घेऊन. तिने सगळं पाहिलं होतं.

 आईने कळशी खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि माझ्याजवळ आली.

“चुकतंय तुझं, नलू,” ती म्हणाली. “पाय आधी टाकतेस. आधी खांदा गेला पाहिजे. आणि पाय ओढायचा नाही. त्याला यायला वेळ द्यायचा. बघ.”

आणि ती चालली. पदर डोक्यावर घेऊन, उंबराखाली चालली होती तशी, मान किंचित कलती ठेवून. नळापासून आमच्या दारापर्यंत. गल्लीतली मुलं खेळ टाकून उभी राहिली. माझी एक मैत्रीण हळूच म्हणाली, “काकू… तुम्ही?” आईने वळून फक्त मान हलवली.

मोठ्याने पहिलं कोण बोललं असेल, तर कमला आंटी. “हाय राम, भाभी! मैं हर इतवार इसके हाथ की भाकरी खाती हूँ!” त्या हे अशा आवाजात म्हणाल्या, की सगळी गल्ली हसली, आई सगळ्यांत जास्त. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. एक चिमुरडी तिचा हात धरून विचारायला लागली, “तू खरी आहेस?” आत बाबांचं यंत्र थांबलं होतं. ते दारात आले, त्यांनी ती गर्दी बघितली, आईचा चेहरा बघितला, आणि म्हणाले, “उन्हात कशाला उभ्या राहता सगळ्या? आत या. सरबत करतो.” बाबांनी सरबत केल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. साखर फारच पडली होती.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडताना मला रडू आवरेना. आईने माझ्यापुढचं सूप आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, “रडू नकोस. वाईट नव्हतीस करत. सराव कमी पडतो.” मी तिच्याकडे पाहिलं तर ती ओठ दाबून हसत होती. मी क्षमा मागितली नाही, तिनेही ती मागून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जायला निघाली तेव्हा मी न बोलावता पिशवी घेऊन तिच्याबरोबर गेले. वाटेत लोक वळून बघत होते, आधीपेक्षा जास्तच, आणि ती ओळखीच्यांना नमस्कार करत चालली होती.

परवा आठव्या भागात काम करणारी मुलगी माझ्याकडे येऊन गेली. पत्ता तिने तात्यांच्या मुलाकडून मिळवला. अगदी पोरसवदा, गोड मुलगी. हडळ वाटायला तिला बराच मेकअप लागणार. म्हणाली, “आजी, चाल आता कॉम्प्युटरवरच करणार आहेत. नमुना दाखवला, सगळे म्हणतात छान झालाय. मलाच पटत नाही. ती घाबरवायला चालतेय असं वाटतं.” मला ते ऐकून फार बरं वाटलं. या वयात गुडघे ऐकत नाहीत, तरी मी सोफा भिंतीला लावून घेतला आणि आईने मला जे शिकवलं ते तिला शिकवलं. तासभर ती हॉलमध्ये ये-जा करत होती आणि ओवी तिच्या चुका काढत होती. शेवटी चहा पिताना तिने विचारलं, “त्यांनी स्वतः पाहिला का हो सिनेमा? काय वाटलं त्यांना?”

पाहिला. गल्लीतल्या त्या प्रसंगानंतर आठवड्याभराने बाबांनी भर दुपारी दुकान बंद केलं, जे ते कधी करत नसत, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातून त्यांनी चार तिकिटं काढली. अंबरनाथ पूर्वेला सिनेमा लागला होता. चौथं तिकीट कमला आंटींचं. त्या येताना डब्यात भाजलेले पापड घेऊन आल्या आणि दिवे गेल्यावर दहा मिनिटांत झोपल्या. खऱ्या भुतांनंतर त्यांना ही पडद्यावरची कशी पुरी पडणार? आई बाबांच्या शेजारी बसली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. चित्रीकरण तिने पाहिलं होतं, पण सिनेमा असा नीट खुर्चीत बसून तिने फारसा पाहिलाच नव्हता. सुरुवातीला ती मला सांगत होती, “हे बघ, हे मामांचं अंगण. ही आपली साडी, काठ मी शिवलाय.” मग निळं चांदणं पडलं, कुठेतरी टिटवी ओरडली, आणि उंबरामागून ती निघाली. थिएटरात कुणाचा श्वास ऐकू येईना. ती थांबली, खांदा खाली गेला, आणखी जवळ आली. पुढच्या रांगेतल्या बाईने किंकाळी फोडली, आणि त्याबरोबर माझ्या आईने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि ती बाबांच्या बाजूला सरकली. मी तिच्याकडे बघत राहिले. ती नाटक करत नव्हती. तिला खरोखर भीती वाटली होती.

बराच वेळ तिने हात काढले नाहीत. मग बोटांच्या फटीतूनही न बघता तिने बाबांना हळूच विचारलं, “अहो, गेली का हो ती?”

बाबांची नजर पडद्यावरच होती.

“कुठे जाते?” ते म्हणाले. “ही काय, माझ्या शेजारी बसलीय.”